हरलं की वर्ष गेलं : कोल्हापूरच्या शालेय फुटबॉलचा आढावा

जुलै महिन्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागते, चौकाचौकांत पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो आणि नेमक्या त्याच दिवसांत कोल्हापुरातल्या शाळांचा फुटबॉल ऐन भरात येतो. पेठांच्या वरिष्ठ संघांचा हंगाम तोवर आटोपलेला असतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात पाटाकडील-दिलबहार किंवा प्रॅक्टिस-शिवाजी तरुण अशा सामन्याला छत्रपती शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्याच गावात शाळांच्या उपांत्य सामन्याला मोजकी माणसं छत्र्या धरून उभी असतात. दोन्हीकडचे क्रीडाशिक्षक, राखीव खेळाडू, चार-दोन पालक आणि कुठल्या पोराच्या पायात काय आहे ते बघायला आवर्जून आलेला पेठेतला एखादा जुना खेळाडू. माझ्या मते या गावातला वर्षभरातला सर्वांत मोलाचा सामना हाच. कारण पेठेचा संघ हरला तर पुढच्या चषकात त्याला पुन्हा संधी असते. शाळेचा संघ हरला की त्याचं वर्ष जवळपास संपतं आणि त्यातल्या काही मुलांचं फुटबॉलही तिथंच थांबतं.

म्हणून यंदा कोण जिंकणार, एवढ्यावर हा आढावा थांबत नाही. अशा सामन्याआधी नेमकं काय बघावं, तो कशावर ठरतो आणि त्यात हरणाऱ्यांची सोय या फुटबॉलवेड्या गावानं काय केली आहे, हा खरा प्रश्न आहे.

आधी पायऱ्या. शालेय फुटबॉलमध्ये मुलांच्या तोंडी सर्वांत जास्त असणारं नाव म्हणजे ‘सुब्रतो’. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही आंतरशालेय स्पर्धा १९६० पासून चालते. मुखर्जी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत वारले. सतरा वर्षांखालील मुलं, सतरा वर्षांखालील मुली आणि लहान मुलांचा एक गट असे तिचे भाग. लहान गट पूर्वी चौदा वर्षांखालचा असे, अलीकडे तो पंधरा वर्षांखालचा झाला आहे. महानगरपालिका किंवा तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय फेरी, अशी ही चढण. कोल्हापूर विभागात सांगली-सातारा आणि कोकणातले रत्नागिरी-सिंधुदुर्ग येतात. राज्यात एकूण आठ विभाग. पुढे राज्याच्या क्रीडा खात्याच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा असतात, त्यांची चढणही साधारण अशीच. खालच्या पायऱ्यांवर जवळपास सगळीकडे बाद पद्धत. एक हरलात की बॅग भरायची.

कोल्हापुरात या चढणीची पहिली पायरीच सर्वांत अवघड असते, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एरवी एखाद्या जिल्ह्यात फुटबॉल खेळणाऱ्या शाळा बोटांवर मोजण्याएवढ्या असतात आणि त्यांतली एखादी सरळ विभागापर्यंत जाते. इथं महाराष्ट्र हायस्कूल, प्रायव्हेट हायस्कूल, न्यू मॉडेल, सेंट झेवियर्स अशी शहरातली नावं आणि पन्हाळ्याच्या संजीवनसारखी निवासी शाळा. शहरातल्या उपांत्य फेरीत भिडणारे दोन संघ पुढच्या पातळीवरच्या अंतिम सामन्याला शोभतील इतके तयार असू शकतात. आणि त्यातला एक घरी जातो.

ही तयारी शाळेत होते त्याहून जास्त पेठेत होते. कोल्हापूरच्या फुटबॉलची मुळं तालमीत आहेत. कुस्ती आणि मर्दानी खेळ जिथं चालत, त्याच तालमींनी संस्थानकाळात हा साहेबाचा खेळ उचलला, त्याला आपलं नाव दिलं आणि पेठेची इभ्रत त्याला बांधली. म्हणून इथल्या संघांच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, जुना बुधवार पेठ तालीम. त्यांच्याबरोबरीनं प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी. मंगळवार पेठेतलं पोरगं चालायला लागलं की पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं आजोबा-काकांच्या तोंडून ऐकतं. शिवाजी पेठेतलं पोरगं गांधी मैदानावर मोठ्यांचा चेंडू अडवत मोठं होतं. विश्वचषक आला की याच गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी आणि भल्यामोठ्या फलकांनी भरून जातात. मग हीच मुलं जवळच्या शाळेत जातात आणि पेठेतली खुन्नस दप्तरातून शाळेत नेतात.

यात बोर्डिंगची परंपराही मिसळली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये गेले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या मराठा फ्री बोर्डिंग हाऊसच्या शाळांपैकी एक म्हणजे महाराष्ट्र हायस्कूल. शालेय फुटबॉलमध्ये या शाळेचा दबदबा कोल्हापूरकरांना सांगावा लागत नाही. तिचा संघ समोर आहे म्हटल्यावर बाकीच्या शाळांची मुलं आदल्या रात्री नीट झोपत नाहीत, आणि माझ्या मते हा निम्मा सामना मैदानात उतरण्याआधीच हरण्याचा प्रकार आहे. मोठ्या नावाच्या शाळेविरुद्ध खेळताना पहिली दहा मिनिटं गोल न खाता काढली, तर पुढचा खेळ बरोबरीचा होतो. पहिल्या पाच मिनिटांत गोल बसला की खांदे पडतात आणि मग तीन-चार बसतात. अशा सामन्याचा अंदाज बांधताना मी आघाडीवीराआधी दुबळ्या संघाचा बचाव बघतो. सुरुवातीला त्यांच्यात एखादा तरी मोठ्यानं ओरडून जागा लावणारा पोरगा आहे का, ते बघतो.

आता मैदान. शालेय सामन्याचा निम्मा निकाल जुलैतली जमीन ठरवते. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान मूळचं वरुणतीर्थ तलावाच्या जागेवरचं. मोठा पाऊस झाला की ते पुन्हा तळं होतं, हे दर वर्षाचं दृश्य. बाकीची मैदानंही कमी-अधिक तशीच. सकाळी आखलेली फक्की दुपारपर्यंत वाहून जाते आणि पंच पेनल्टी क्षेत्राची रेघ अंदाजानं धरतात. गोलपोस्टसमोरचा चौकोन, जिथं वर्षभर सर्वांत जास्त पावलं पडतात, तो आधी चिखल होतो. तिथं जमिनीलगतचा पास मध्येच थांबतो. टप्पा पडायच्या जागी चेंडू रुततो आणि वेगानं पळत आलेला आघाडीवीर चेंडूच्या पुढं निघून जातो.

या जमिनीवर छोट्या पासचा सुंदर खेळ करणारा संघ अडचणीत येतो. वर्षभर टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर सराव केलेली मुलं इथं हमखास फसतात. टर्फवर चेंडू सांगाल तिथं जातो, चिखलात तो जमीन म्हणेल तिथं जातो. पेठेतल्या मैदानावर वाढलेलं पोरगं चेंडू हवेत ठेवतं, पहिल्या टप्प्याची वाट न बघता पाय घालतं आणि थ्रो-इन लांब फेकतं. तेव्हा अशा सामन्याआधी कुठला संघ ‘चांगला’ खेळतो हे विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. कॉर्नर कोण मारतो, लांब थ्रो कुणाचा आहे आणि गोलरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूवर सर्वांत आधी कोण पोचतो. ओल्या चेंडूचे गोल बहुतेक याच तीन वाटांनी होतात.

गोलरक्षकावर थोडं थांबायला हवं, कारण शालेय सामना तोच जिंकतो किंवा हरतो. गोलपोस्टची चौकट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. मोठ्या माणसांची हीच चौकट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मागं उभी असते. त्याची उंची पाच फुटांच्या आसपास, हात वर केले तरी आडव्या खांबापर्यंत बोटं पोचत नाहीत. समोरच्या संघातल्या एखाद्या थोराड पोरानं पंचवीस यार्डांवरून उंच फटका मारला, तर त्याच्या डोक्यावरून चेंडू आत जातो आणि प्रेक्षक ‘काय केलंस रे’ म्हणून त्यालाच दोष देतात. त्याची काहीच चूक नसते. ज्या शाळेच्या सरांनी आपल्या गोलरक्षकाला दोन पावलं मागं राहायला आणि बचावपटूंना त्या अंतरावरून फटका मारूच न द्यायला शिकवलं आहे, ती शाळा लहान गटात फार पुढं जाते. अशी बारीक तयारी करून घेणारे सर इथं आहेत, आणि त्यांची नावं पेपरात फार क्वचित येतात.

त्यात टायब्रेकर. बरोबरीत सुटलेला बाद सामना पाच-पाच पेनल्टींवर जातो. अकरा मीटरचं अंतर, ओला चेंडू, पायाखाली निसरडी जमीन. इथं मुलं जोर लावायला जातात आणि टेकवलेला पाय सटकतो, चेंडू आकाशात. सरावात सुक्या मैदानावर दहापैकी नऊ मारणारा मुलगाही इथं चुकतो. पेनल्टीचा सराव पावसात आणि सगळे दमल्यावर, म्हणजे सरावाच्या शेवटी घ्यायचा, ही साधी गोष्ट फार थोड्या शाळा पाळतात. गोलरक्षकाचे हातमोजे भिजलेले असतात. एखाद्या शहाण्या संघाचा राखीव मुलगा बाजूला कोरडा टॉवेल आणि दुसरी जोडी घेऊन तयार उभा असतो. दोन संघ तोडीस तोड असतील आणि सामना टायब्रेकरकडं झुकतो आहे असं दिसलं, तर तो टॉवेल कुणाकडं आहे ते बघावं.

लहान गटात आणखी एक गोष्ट गुणवत्तेवर मात करते, ती म्हणजे वय. जन्मतारखेची अट १ जानेवारीवर बेतलेली असते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात, पण त्यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर. चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे उंचीत आणि दमात मोठा फरक. निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त येतात, हे जगभरच्या खेळांत दिसून आलेलं आहे. सर थोराड पोर निवडतात, जिंकतात आणि दोन वर्षांनी बाकीची मुलं वाढली की त्या थोराड पोराचा फायदा संपतो. तोवर डिसेंबरात जन्मलेला, चेंडूवर जास्त ताबा असलेला बारका मुलगा फुटबॉल सोडून गेलेला असतो. कागदावरचं वय खोटं असण्याचा जुना रोग वेगळाच. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय ठरवणारी टीडब्ल्यू-३ चाचणी भारतीय फुटबॉलमध्ये आली ती त्यासाठीच. वय चोरून जिंकलेल्या सामन्यात समोरच्या शाळेच्या सोळा-अठरा खऱ्या वयाच्या मुलांचं वर्ष जातं. या एका बाबतीत मला कुणाचीही कसलीही सबब मान्य नाही.

मुलींच्या गटाकडं अजून पेठांचं लक्ष नाही, आणि खरी मोकळी जागा तिथंच आहे. सुब्रतोमध्ये मुलींचा गट २०१२ मध्ये सुरू झाला. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा हे एक खेडं. तिथल्या सरकारी शाळेच्या मुलींनी हा चषक जिंकून दाखवला. एका गावाच्या जिद्दीनं ते झालं, तर इतकी मैदानं आणि इतके जुने खेळाडू असलेल्या शहराला ते का जमू नये? कोल्हापूरच्या मुली राष्ट्रीय पातळीवर खेळू शकतात, हे इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरलेल्या एफसी कोल्हापूर सिटीनं दाखवून दिलं आहे. पण संघाला मुली पुरवणाऱ्या शाळा वाढायला हव्यात. मुलींच्या शालेय सामन्यात एकतर्फी निकाल जास्त लागतात, त्याचं कारण एवढंच की एका बाजूच्या मुली चार वर्षं खेळत असतात आणि दुसऱ्या बाजूचा संघ स्पर्धेच्या पंधरवड्यापूर्वी गोळा केलेला असतो.

आता हरलेल्यांकडं, आणि हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा. बाद पद्धतीचं गणित मांडून बघू. बत्तीस शाळा उतरल्या तर एकूण सामने होतात एकतीस. त्यातल्या सोळा शाळा एकच सामना खेळून घरी जातात. आठ शाळा दोन सामने खेळतात. म्हणजे चोवीस शाळांमधल्या मुलांना त्या स्पर्धेत एक किंवा दोन सामने मिळतात, तेही चिखलात, तेही वर्षातून एकदा. सतराव्या वर्षापर्यंत तीन-चार हंगाम खेळलेल्या मुलानं हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच खरे सामने अनुभवलेले असतात. राज्य पातळीवर त्याच्यासमोर मुंबई-पुण्याच्या शाळांची मुलं येतात. तिकडं लहान गटांच्या लीग होतात, त्या मुलांच्या पायांत वर्षभराचे सामने असतात. आपल्या मुलांची चपळाई कमी पडत नाही. कमी पडतो तो शेवटपर्यंत दम टिकवण्याचा आणि अखेरच्या मिनिटांत शांत राहण्याचा सराव, आणि तो सामन्यांशिवाय येत नाही. पुढं राष्ट्रीय फेरीत मणिपूर, मिझोराम, मेघालय, झारखंडच्या शाळा असतात. तिथं तर हा फरक उघडाच पडतो.

अनिकेत जाधवचं उदाहरण इथं आठवतं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला. भारतीय फुटबॉल संघ फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात पहिल्यांदाच उतरला, आणि त्यात कोल्हापूरचा अनिकेत होता. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्ध भारत हरला, पण पेठांतल्या मुलांना आपल्या गावचा एक पोरगा निळ्या जर्सीत दिसला. पुढं तो इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा संघांतून खेळला, मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं सरावालाही जाऊन आला. अभिमान वाटावा असंच हे आहे. पण त्याच्या वाटेवरची एक गोष्ट नजरेआड करू नये. तो लहानपणीच पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. म्हणजे त्याला पायात चेंडू या गावानं दिला, आणि रोजचा शिस्तीचा सराव व नियमित सामने गावाबाहेर मिळाले. जी मुलं लहान वयात बाहेर पडू शकली नाहीत, त्यांच्यासाठी गावात काय आहे?

त्यांच्यासाठी पेठेचा संघ आहे. सोळा-सतराव्या वर्षी चांगल्या मुलाला पेठ उचलते आणि थेट मोठ्यांत खेळवते. यात मोठं प्रेम आहे आणि थोडा धोकाही. मोठ्या संघांना चषक जिंकायचे असतात, म्हणून नायजेरियासारख्या देशांतले आणि परराज्यांतले खेळाडू मानधन देऊन आणले जातात. त्यांच्यामुळं खेळाचा दर्जा वाढतो, हे मान्य. पण आघाडीच्या दोन जागा त्यांनी घेतल्या की शाळेतून आलेला आघाडीवीर बाकावर बसतो. सामन्यानंतर समर्थकांमध्ये होणाऱ्या हाणामाऱ्यांनी पोलिसांना मैदानात यावं लागलेलं आपण अनेकदा पाहिलं आहे. सतरा वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत ढकलताना त्याच्या आईबापांना काय वाटत असेल, याचा विचार व्हायला हवा. बऱ्याच घरांत फुटबॉलचा हिशेब दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडागुणांवर आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर मांडला जातो. तो हिशेब चुकीचा नाही. पण ही दारं वरच्या पातळीवर पोचलेल्यांनाच उघडतात. शहराच्या पहिल्या फेरीत एका चुकलेल्या पेनल्टीनं बाहेर गेलेल्या गुणी मुलाला त्यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून बाद स्पर्धा राहू द्या, ती वरूनच ठरते आणि तिची चुरसही हवी. तिच्या जोडीला शाळांची लीग हवी. आठ शाळा घेतल्या तर साखळी पद्धतीनं अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक शाळेला सात मिळतात. म्हणजे बत्तीस शाळांच्या अख्ख्या बाद स्पर्धेला लागतात जवळपास तेवढ्याच सामन्यांत प्रत्येक मुलगा सात वेळा मैदानात उतरतो. एक हरला तर पुढच्या आठवड्यात चूक सुधारतो. डिसेंबरात जन्मलेल्या बारक्या मुलाला सरांना एखादा सामना तरी देता येतो, कारण एका पराभवानं वर्ष बुडत नाही. पहिल्या गोलरक्षकाला ताप आला तर दुसरा तयार होतो.

वेळ आणि जागा दोन्ही काढता येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंत मैदानं सुकी असतात आणि दहावीची परीक्षा अजून लांब असते. वरिष्ठ संघांचे सामने दुपारनंतर होतात, सकाळी स्टेडियम मोकळं असतं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं मैदान आहे, पंच आहेत, वर्षानुवर्षं लीग चालवण्याचा अनुभव आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं शाळांची यादी आहे. पेठांकडं निवृत्त खेळाडू आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना मुलांना शिकवायची आस आहे आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नसलेल्या शाळांना नेमकी तीच माणसं हवी आहेत. चषकांना प्रायोजक मिळतात, बक्षिसाच्या रकमा लाखांत जातात. त्यातल्या एका चषकाच्या खर्चात आठ शाळांच्या मुलांचा चेंडू, पाणी, नाश्ता आणि पंचांचं मानधन सहज भागेल.

सुरुवात पंधरा वर्षांखालच्या एकाच गटापासून करावी. त्यात निदान दोन मुलींचे संघ पहिल्याच वर्षी प्रदर्शनी सामन्यांसाठी उतरवावेत आणि दुसऱ्या वर्षी त्यांची स्वतंत्र लीग करावी. शहराबाहेरच्या दोन शाळांना जागा राखून ठेवावी, त्यांच्या एसटीचा खर्च संयोजकांनी करावा. आणि हे यंदाच्या दिवाळीनंतर करायचं, तर शाळांची पहिली बैठक गणपतीआधी व्हायला हवी.